जुन्या गाडीचं कूलंट घरी बदलताय? या चुका टाळा

आमच्या वीस वर्षं जुन्या मारुती ८०० चं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) पहिल्यांदा घरी बदललं तेव्हा मी जुनं काढलं, नवं काठोकाठ भरलं, रेडिएटरची कॅप लावली आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्याला निघालो. खंबाटकीच्या चढाला तापमानाचा काटा वर चढता चढता एकदम खाली पडला. मला वाटलं, बरं झालं, गाडी थंड झाली. दोन मिनिटांत बॉनेटमधून वाफ यायला लागली. इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, काढून फेसिंग करून (घासून सपाट करून) घ्यावं लागलं.

काटा पडला तो हवेमुळे. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. त्याच्याभोवती हवा अडकली की आत इंजिन भाजत असलं तरी काटा थंड दाखवतो. म्हणून चढावर काटा अचानक खाली आला, तर लगेच गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

कूलंट ओतलं म्हणजे काम झालं असं नाही, आतली हवा निघाली की झालं. गाडीचं तोंड वर येईल अशी चढावर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांमागे दगड लावा. हीटर असेल तर बटण पूर्ण गरमवर, नाहीतर हीटरच्या नळ्यांत हवा राहते. इंजिन थंड असताना बारीक धारेनं भरा, घाई केली की हवा खालीच कोंडते. मग कॅप उघडीच ठेवून गाडी आयडलिंगला सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा होस पाइप हातानं दाबत राहा. आत गुडगुड होते, तोंडाशी बुडबुडे फुटतात. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तोपर्यंत वरचा पाइप कोमटच असतो. उघडला की पाइप चांगलाच तापतो (आता हात काढून घ्या) आणि रेडिएटरमधली पातळी खाली जाते. तेवढं पुन्हा भरा, आपला चेहरा मात्र लांब ठेवा. बुडबुडे थांबले की कॅप लावा आणि फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. काही इंजिनांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, आपल्या गाडीला आहे का ते आधी बघून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीची कॅप उघडून पातळी बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडं भरावं लागतंच.

अर्धा तास झाला तरी बुडबुडे थांबत नसतील, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसत असेल, तर हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या इंजिनमधली सीलची पट्टी) गेलेली असू शकते. मग गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

गरम गाडीची कॅप कधीही उघडायची नाही. ही कॅप कुकरच्या शिट्टीसारखी आहे. तिच्यावर ०.९ लिहिलेलं असेल तर आत तेवढ्या बारचा जादा दाब असतो, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. कॅप काढली की दाब जातो आणि ते पाणी उसळून थेट तोंडावर येतं. कॅपचं रबर कडक झालं असेल तर कूलंटबरोबर तीही बदला.

आता पाणी. बोअरचं किंवा नळाचं नको. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. बाटलीवर रेडी-टू-यूज असेल तर पाणी अजिबात मिसळायचं नाही. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर बहुतेक वेळा पाणी निम्मं-निम्मं. इथं एक गोम आहे. रेडिएटर रिकामा केला तरी इंजिनच्या ब्लॉकमध्ये बरंच उरतं. डिस्टिल्ड पाण्यानं दोन-तीनदा धुतल्यावर ते उरलेलं पाणीच असतं. त्यावर रेडी-टू-यूज ओतलं की मिश्रण पातळ होतं. त्यामुळे धुतल्यानंतर कॉन्सन्ट्रेटच बरं. मॅन्युअलमधल्या एकूण मापाच्या निम्मं आधी ते भरा, मग उरलेल्या जागेत डिस्टिल्ड पाणी.

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे कंपनीनं घातलेले रंग आहेत. दोन वेगळ्या जातींची कूलंटं मिसळली तर कधीकधी गाळ धरतो. गळतीसाठी हळद टाकायचा ट्रकवाल्यांचा तोडगा रस्त्यात अडकलात तर ठीक, पण नंतर तो लगदा हीटरच्या नळ्या बुजवतो.

जुना होस निघत नसेल तर स्क्रूड्रायव्हर घुसवून उचकटू नका, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचं तोंड तुटतं. पाइप लांबीत चिरा आणि नवा घाला. ड्रेन प्लगही (रेडिएटरच्या तळाचं, कूलंट काढायचं बूच) हातानंच आवळा, पक्कड नको.

घमेल्यात काढलेलं जुनं कूलंट रात्रभर उघडं ठेवू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. मांजर, कुत्रं सहज तोंड लावतं आणि थोड्याशानं त्याची किडनी जाते. गटारात किंवा झाडाच्या आळ्यातही ओतू नका. लगेच घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला ते घेतात का विचारा. फरशीवर सांडलेलंही भरपूर पाण्यानं धुऊन, पुसून घ्या.