ठगांच्या मांगाचं (जपानी चित्रकथेचं) परीक्षण लिहिताय? या चुका टाळा

नवा खंड रात्रीत संपवायचा आणि पहाटे ‘शेवटचा ट्विस्ट भन्नाट!’ असं ठोकून मोकळं व्हायचं, ही पहिली चूक. ट्विस्ट आहे एवढं कळलं तरी वाचणारा प्रत्येक पात्राकडे संशयाने बघत बसतो. सावज गळाला लागेपर्यंतचंच सांगा. खंडाची पहिली दोन प्रकरणं त्याला पुरतात. उत्तरार्धातल्या चौकटींचे फोटो तर नकोतच.

दुसरी चूक जास्त छळते: ‘कागदपत्रांवर मारायचा शिक्का शेवटी कुठून उपटला, कळतच नाही.’ अशी तक्रार आली की खंड पुन्हा उघडावा. बहुतेकदा शिक्का दोन प्रकरणं आधीच टेबलाच्या कोपऱ्यात, चहाच्या कपामागे काढलेला असतो. परीक्षकाने मोबाइलवर एकेक पान सरकवत नुसते संवाद वाचलेले असतात. मांगा उजवीकडून डावीकडे चालतो. डाव्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात उत्सुकता ताणणारी चौकट असते आणि धक्का पान उलटल्यावर बसतो. एकेरी पानांवर ही रचनाच मोडते. म्हणून जोडपान दिसेल असं धरा आणि दुसऱ्या वाचनात फक्त हात बघा: कोण काय उचलतं, कुठे ठेवतं. तासभर जातो. तेवढा नसेल तर परीक्षण लिहूच नये.

त्यात जपानमधला शिक्का म्हणजे आपला रबरी स्टँप नव्हे. महापालिकेत नोंदवलेला ‘जित्सुइन’ आणि त्याचा दाखला जमिनीच्या व्यवहारात लागतो. हे ठाऊक नसेल तर अर्धा डाव डोक्यावरून जातो.

‘कुरोसागी’सारख्या मालिकेच्या नायकाला सरसकट ‘गरिबांचा कैवारी’ म्हणू नका. ताकेशी नात्सुहारा यांची कथा आणि कुरोमारू यांची चित्रं असलेली ही मालिका २००३ मध्ये सुरू झाली. तिच्यात ठगांच्या जाती सरळ दिल्या आहेत: पैसे लुबाडणारा शिरोसागी, प्रेमाचं नाटक करून फसवणारा आकासागी आणि फक्त ठगांनाच गंडवणारा कुरोसागी. जपानीत ‘सागी’ म्हणजे फसवणूक आणि बगळाही; बकध्यान माहीत असलेल्या आपल्याला हा श्लेष समजवावा लागू नये. नायकाच्या वडिलांना ठगांनी बुडवलेलं असतं. त्याला सूड हवा असतो, समाजसेवा नाही.

रक्कम लिहिताना घाई नको. जपानी ‘मान’ म्हणजे दहा हजार, ‘ओकू’ म्हणजे दहा कोटी. ३,००० मान येन म्हणजे तीन कोटी येन, रुपये नव्हेत! इंग्रजी आवृत्तीतल्या ‘मिलियन’वरून अंदाजाने कोटी ठोकले की एक शून्य हमखास घसरतं.

शेवटचं, खंड डावाच्या मध्येच तुटला म्हणून लेखकाचे गुण कापू नका. साप्ताहिकातली प्रकरणं एकत्र बांधून खंड होतो. पानं भरली की तो संपतो, डाव संपो न संपो.