हप्त्याच्या आधी पेन्शन

मायक्रोफायनान्स (गरिबांना छोटी कर्जं देण्याचं काम) किंवा बचत गटांच्या कामाला नव्यानं लागलेली पोरं पहिलं विचारतात, "कर्ज द्यायचं कुणाला?" बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी भागात फिरून मी म्हणेन, आत्ताच कुणाला द्यायचं नाही ते आधी शिका. मजुरीवर जगणारी एकटी विधवा गटात सहसा नसतेच. आठवड्याची बचत तिला झेपत नाही आणि तिची हमी घ्यायला बाकीच्या बायका कचरतात. तिला हुडकत वाडीच्या टोकापर्यंत जावं लागतं.

गेल्यावर कर्जाचा फॉर्म बाहेर काढू नका. बीपीएल कार्ड आहे का, विधवा पेन्शनचे महिन्याचे 800 रुपये सुरू आहेत का, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2000 खात्यावर पडतात का, ते बघा. घोडं बहुतेक नावावर अडतं: आधारवर एक, रेशन कार्डावर कन्नडमध्ये भलतंच, शिवाय खातं आधारला जोडलेलं नाही. नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, तिच्यासोबत स्वतः जा. तिथले कागद कन्नड असतात, तेव्हा कन्नड वाचायला शिका. सीमाप्रश्नावर तुमचं मत काही का असेना, तिचं पेन्शन त्यापायी अडू नये.

हा क्रम काही आमच्या डोक्यातला नव्हे. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं 2002 मध्ये अतिगरिबांसाठी वेगळा कार्यक्रम काढला. आधी गाय किंवा शेळ्या, पोटापुरता भत्ता, दर आठवड्याला घरी येणारा कार्यकर्ता, बचतीची सवय. नेहमीचं कर्ज त्यानंतर. पश्चिम बंगालात बंधन या मायक्रोफायनान्स संस्थेनं तसंच केलं. भारतासह सहा देशांतल्या अशा प्रयोगांचा अभ्यास 2015 मध्ये 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. मदत थांबून वर्ष झालं तरी त्या घरांचं खाणंपिणं आणि मालमत्ता मदत न मिळालेल्या तशाच घरांपेक्षा बरी होती.

आपल्याकडे हे सगळं एका ठिकाणी मिळत नाही. रेशन एकीकडून, पेन्शन दुसरीकडून, गट तिसरा. जोडायचं काम तुमचं.

आता हिशोब. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानं सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. पेन्शन आणि गृहलक्ष्मी धरून 2800, म्हणजे कागदावर 1400 चा हप्ता बसतो! पण सरकारी पैसे लांबतात, हप्त्याचा वार लांबत नाही. ते 2800 तिच्या चुलीसाठी सोडा, हप्ता फक्त कमाईवर धरा. वरचे टार्गेट विचारतील, विचारू देत. पहिलं कर्ज गटाच्या बचतीतूनच, दोन-तीन हजारांचं, आणि तेही तिची स्वतःची कमाई सुरू झाल्यावर, म्हणजे शेळी असेल तर ती व्याल्यावर.