इलेक्ट्रिक गाडीचे पंक्चर : घाईत होणाऱ्या या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात बीडहून गेवराईकडे जाताना आमच्या इलेक्ट्रिक गाडीचे मागचे चाक बसले. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने नेहमीच्या सवयीने जॅक थेट गाडीच्या पोटाखाली सरकवला आणि त्याला थांबवताना माझा आवाज जरा चढलाच. कारण त्या पोटाखाली, तळाला लागून, बॅटरीचा सपाट संच असतो. तेथे जॅक टेकवून गाडी उचलल्यास त्याचे आवरण चेपते आणि शे-दोनशे रुपयांच्या पंक्चरपायी लाखांची बॅटरी धोक्यात येते. जॅक लावण्याच्या जागा दरवाजांखालच्या कडेवर, चाकांजवळ, खाचेने किंवा बाणाने दाखवलेल्या असतात. मी आता त्या चारही जागी पांढऱ्या रंगाचा ठिपका लावून ठेवला आहे, म्हणजे कोणाशी वाद घालावा लागत नाही. बॅटरीमुळे गाडी जड असते, त्यामुळे आपल्याकडच्या काळ्या मातीत, विशेषतः पावसानंतर, जॅक हमखास खचतो. म्हणून चाक बदलायचे ते डांबरावर किंवा जॅकखाली जाड फळी ठेवूनच, आणि समोरच्या चाकाला दगडाचा अडसर लावून.

अर्थात, बदलायला चाक असेल तर. 1 ऑक्टोबर 2020 पासून हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस टायर दुरुस्तीचा संच दिलेल्या गाडीला स्टेपनी देणे बंधनकारक नाही, त्यामुळे अनेकांना आपल्या गाडीत स्टेपनी नाही हे डिकी उघडल्यावरच कळते. संचातील द्रवाच्या बाटलीला मुदत असते आणि ती डिकीतील उन्हाळे सोसत पडून राहते. तारीख आजच पाहून घ्यावी. हा द्रव टायरच्या रस्त्यावर टेकणाऱ्या भागातील बारीक छिद्रच बुजवतो, बाजूची भिंत फाटली असेल तर तो वाया जातो. शिवाय तो तात्पुरताच उपाय आहे: बाटलीवर लिहिलेल्या वेगाच्या आत, जो बहुधा ताशी 80 किलोमीटर असतो, जवळच्या दुकानापर्यंत जायचे आणि आत द्रव आहे हे तेथे आधीच सांगायचे. खिळा किंवा बाभळीचा काटा अजून रुतलेला असून हवा हळूहळू जात असेल, तर तो उपटू नये. कॉम्प्रेसरने हवा भरून दुकान गाठणे अधिक शहाणपणाचे.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र टोचन लावण्याची आहे. ट्रॅक्टरवाला मदतीच्या भावनेनेच साखळी काढतो, पण बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत मोटर चाकांशी कायम जोडलेली असते आणि न्यूट्रलमध्ये टाकल्यानेही ती सुटत नाही. चाके जमिनीवर फिरली की मोटर फिरते, वीज निर्माण करते आणि त्या विजेमुळे नियंत्रण यंत्रणेचे नुकसान होऊ शकते. गाडी चारही चाके उचलून, सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच न्यावी. राष्ट्रीय महामार्गावर 1033 या क्रमांकावर मदत मागता येते; समृद्धी महामार्ग राष्ट्रीय महामार्ग नसल्याने तेथील मदत क्रमांक वेगळा आहे, तो निघण्यापूर्वीच फोनमध्ये जतन करावा.

नवा टायर घेताना केवळ माप जुळवून भागत नाही, भार पेलण्याचा अंकही मूळ टायरइतका किंवा त्याहून अधिक हवा. आणि भर दुपारी चालून आलेल्या तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये. दरवाजाच्या चौकटीवर छापलेला आकडा थंड टायरचा असतो, तो सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी जुळवावा.