ईपीएस-९५ चे निवृत्तिवेतन: नोकरीची वर्षे सांभाळण्यापासून दाव्यापर्यंत

खासगी कंपनीत, साखर कारखान्यात किंवा सहकारी संस्थेत काम करणाऱ्या बहुतेकांना पगाराच्या पावतीवरची पीएफची कपात ठाऊक असते, पण त्याच खात्याला जोडलेले निवृत्तिवेतन सहसा ठाऊक नसते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना (ईपीएस-९५) १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. तिच्यातून सभासदाला उतारवयात, कायमचे अपंगत्व आल्यास त्याआधीही, आणि मृत्यूनंतर त्याच्या पत्नीला किंवा पतीला व मुलांना दरमहा रक्कम मिळते. ती किती मिळणार हे मुख्यतः नोंदलेल्या सेवेच्या वर्षांवर ठरत असल्यामुळे या मार्गदर्शनाचा भर अर्जापेक्षा नोंदींवर आहे.

सुरुवात पीएफच्या पासबुकापासून करावी. त्यात कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनचे अंशदान असे तीन रकाने असतात. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २२,००० रुपये असतील आणि कपात पूर्ण पगारावर होत असेल, तर कामगाराचे २,६४० रुपये जातात. मालकाच्या तेवढ्याच रकमेतून १,२५० रुपये पेन्शनकडे वळतात व उरलेले १,३९० पीएफमध्ये जमा होतात. पेन्शनसाठी मालकाने ८.३३ टक्के भरायचे असतात, परंतु तो हिशेब १५,००० रुपयांच्या मर्यादेवर होतो, म्हणून आकडा १,२५० वर थांबतो. तिसऱ्या रकान्यात सलग शून्य दिसत असेल तर लगेच चौकशी करावी. मात्र १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच पीएफमध्ये आलेले आणि तेव्हाच १५,००० पेक्षा जास्त वेतन असलेले लोक या योजनेचे सभासदच होत नाहीत, त्यांच्या पासबुकातील शून्य ही चूक नव्हे.

पेन्शनला पात्र होण्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने साडेनऊ वर्षेही पुरतात. साखर कारखान्यातील हंगामी कामगारांनी हे विशेष लक्षात ठेवावे, की गाळप चार-पाच महिनेच चालले तरी त्यांचे ते वर्ष पूर्ण वर्ष म्हणून मोजले जाते. आपली सेवा तुटपुंजी आहे असे समजून दावाच न करणे हे स्वतःचे नुकसान करून घेणे आहे.

सेवेची वर्षे वाया जातात ती बहुधा नोकरी बदलताना. तीन वर्षे एका कंपनीत, चार दुसऱ्या कंपनीत असे काम केलेला तरुण प्रत्येक वेळी १०-सी अर्ज भरून पेन्शनचे पैसे काढून घेतो आणि प्रत्येक वेळी त्याची सेवा शून्यावर येते. हातात येणारी रक्कम काही हजारांची असते. जाते ते आयुष्यभराचे पेन्शन. त्याच १०-सी अर्जात पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र, म्हणजे झालेली सेवा राखून ठेवणारा दाखला, मागता येते, आणि नवी नोकरी मिळाली असेल तर जुने खाते त्याच यूएएनखाली (सभासदाचा नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफ क्रमांक) नव्या खात्यात वर्ग करून घ्यावे. पैशांची फारच निकड नसेल तर १०-सीने रक्कम काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रकमेचे सूत्र सोपे आहे: शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे. तरीही घरी केलेला हिशेब आणि मंजूर झालेली रक्कम जुळत नाही, कारण १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी वेतनमर्यादा ६,५०० रुपये होती व तो भाग त्याच दराने मोजला जातो. सप्टेंबर २००८ मध्ये लागलेला आणि ऑगस्ट २०२६ अखेर ५८ वर्षे, म्हणजे पूर्ण पेन्शनचे वय, पूर्ण करणारा कामगार घेऊ. त्याचे वेतन दोन्ही काळांत मर्यादेइतके असल्यास पहिल्या सहा वर्षांचे सुमारे ५५७ आणि पुढील बारा वर्षांचे सुमारे २,५७१, असे मिळून ३,१२८ रुपये होतात. अठराही वर्षे १५,००० वर धरली तर ३,८५७ येतात, आणि तिथेच वादाला तोंड फुटते. वीस वर्षे किंवा त्याहून अधिक सेवा करून ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याच्या सेवेत दोन वर्षे वाढवून धरतात. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी तितकी दरवर्षी ४ टक्के कपात होते आणि ती कायम राहते. साठीपर्यंत थांबल्यास दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. तिला महागाई भत्त्याची जोड नाही, हे निवृत्तिवेतनधारकांचे जुने दुखणे आहे.

नोकरीत असताना कायमचे व संपूर्ण अपंगत्व आले तर दहा वर्षांची अट लागत नाही. एका महिन्याचे अंशदान जमा असले तरी पुरते. आपण करत होतो ते काम करण्यास आता कायमचे असमर्थ आहोत, हे वैद्यकीय मंडळापुढील तपासणीत सिद्ध व्हावे लागते.

नोकरीत असताना मृत्यू झाल्यासही एका महिन्याचे अंशदान पुरते. विधवेला किंवा विधुराला आजीवन किंवा पुनर्विवाहापर्यंत पेन्शन मिळते, दरमहा किमान १,००० रुपये. त्याशिवाय एका वेळी दोन मुलांना, वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत, विधवा पेन्शनच्या प्रत्येकी २५ टक्के रक्कम मिळते. थोरल्याला पंचवीस पूर्ण झाली की तिसऱ्याचा हक्क सुरू होतो. दोन्ही पालक नसतील तर हे प्रमाण ७५ टक्के होते. सभासद पेन्शन घेत असताना वारला तर जोडीदाराला त्याच्या पेन्शनची निम्मी रक्कम मिळते. नोकरीतील मृत्यूनंतर पीएफची शिल्लक आणि ७ लाखांपर्यंतचा विमा यांचे हक्क वेगळे असतात, ते पेन्शनच्या दाव्याबरोबरच मागावेत.

या सर्व पेन्शनांसाठी अर्ज एकच, १०-डी. त्याला आधार, बँक पासबुक, पती-पत्नीचे एकत्र छायाचित्र, मुलांच्या वयाचे दाखले आणि प्रसंगानुसार मृत्यूचा दाखला जोडावा. अर्ज अडतो तो बहुधा नावावर. आधारवर ‘सुनीता रमेश’, पीएफच्या नोंदीत माहेरचे नाव आणि बँकेत तिसरेच, अशी स्थिती आपल्याकडे घरोघरी आढळते. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरलेली नसणे हे दुसरे कारण. दुरुस्तीसाठी मालकासह करायचे संयुक्त घोषणापत्र कंपनी चालू असतानाच करून घ्यावे, कारण बंद पडलेल्या कारखान्याचा शिक्का मिळवणे किती कष्टाचे असते हे जुन्या गिरण्यांच्या कामगारांना विचारावे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या (ईपीएफओ) पोर्टलवरील ई-नामांकनात जोडीदार व मुलांची नावे आजच भरावीत. लग्नापूर्वी आईवडिलांच्या नावे केलेले पीएफचे नामांकन लग्नानंतर रद्द ठरते.

परिपूर्ण दावा वीस दिवसांत निकाली निघायला हवा. तसे न झाल्यास ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर लेखी नोंद करावी, किंवा दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात भरणाऱ्या ‘निधी आपके निकट’ शिबिरात सर्व कागद घेऊन जावे. पेन्शन सुरू झाल्यावर दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो घरबसल्या काढता येतो. दाखला चुकला तर पेन्शन थांबते, पण बुडत नाही. तो दिल्यावर अडकलेले महिने एकदम जमा होतात.