किलमार्टिनला जायचंय? मग ही तयारी करूनच निघा

स्कॉटलंडची ट्रिप म्हटली की सगळे एडिनबराचा किल्ला, लॉख नेस आणि स्कायचं बेट एवढंच करून परत येतात, पण ज्यांना खरंच जुन्या गोष्टी बघायला आवडतात त्यांनी पश्चिमेला अर्गाइलमधल्या किलमार्टिन गावासाठी एक पूर्ण दिवस काढावा, जमलं तर दोन. गाव म्हणजे एक चर्च, एक म्युझियम, एक हॉटेल आणि थोडी घरं, बास. पण त्याच्या आसपास सहा मैलांत ८०० च्या वर जुन्या जागा आहेत. दगडी वर्तुळं, थडगी, खडकांवरची कोरीव चिन्हं, राजांचा किल्ला, सगळं. आणि यातलं जवळजवळ सगळं उघड्यावर, शेतात, मेंढ्यांच्या मधोमध, तिकीट नाही, गार्ड नाही, गाइड नाही. म्हणूनच तयारी आधी करावी लागते, तिथे गेल्यावर विचारायला कोणी नसतं.

कागदपत्रं पटकन उरकू. यूकेचा व्हिजिटर व्हिसा स्कॉटलंडला चालतो, वेगळं काही लागत नाही, शेंगेन मात्र चालत नाही (हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच). आपलं भारतातलं लायसन्स इंग्रजीत असेल तर पाहुणे म्हणून आलेल्यांना १२ महिने गाडी चालवता येते, गाडी डावीकडूनच चालते त्यामुळे आपल्याला सोपं. गाडी बुक करताना ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं आधीच सांगा. बसने पण जाता येतं, ग्लासगोहून लॉखगिल्पहेड आणि तिथून पुढे लोकल बस, पण फेऱ्या कमी, रविवारी तर विचारूच नका, आणि सगळ्या जागा अशा विखुरलेल्या की गाडी नसेल तर निम्म्या सुटतात.

ग्लासगोहून अडीच तास धरा. रस्ता लॉख लोमंड तळ्याच्या काठाने जातो, मग ए८३ वर रेस्ट अँड बी थँकफुल नावाचा घाट लागतो, नाव कितीही गोड असलं तरी जोराचा पाऊस झाला की तिथे दरड कोसळते आणि रस्ता बंद होतो किंवा खालच्या जुन्या लष्करी रस्त्याने वळवतात. निघायच्या सकाळी ट्रॅफिक स्कॉटलंडची साइट बघायची सवय ठेवा. पेट्रोल ग्लासगोत नाहीतर लॉखगिल्पहेडला भरून घ्या. आतले काही रस्ते एकाच गाडीपुरते असतात, मध्येमध्ये बाजूला थांबायला जागा ठेवलेल्या असतात, समोरून गाडी आली की त्यात थांबायचं, हात वर करून थँक्यू म्हणायचं आणि त्या जागेत गाडी पार्क करून फोटो काढायला अजिबात उतरायचं नाही.

मोबाईलला रेंज कधी असते कधी नसते. मॅप ऑफलाइन डाउनलोड करून घ्या, हे मी सगळ्यांना दोनदा सांगते.

आता बूट. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि लोक इथेच कंजुषी करतात. स्पोर्ट्स शूज नको, वॉटरप्रूफ, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट हवेत, कारण अर्गाइलमध्ये पाऊस भरपूर आणि गवत कायम ओलं. सोबत मोज्यांचा जादा जोड. रेनकोट टोपीचा घ्या, छत्री तिथल्या वाऱ्यात टिकत नाही. जूनमध्ये पण एक पातळ स्वेटर हवाच. आणि मिजेस! मे ते सप्टेंबर हे बारीक चावरे किडे संध्याकाळी आणि ढगाळ, वारा नसलेल्या हवेत झुंडीने येतात, आपले डास त्यांच्यापुढे सभ्य वाटतील. स्मिज नावाचा स्प्रे तिथे दुकानात मिळतो, तो घ्या, ओडोमॉसच्या भरवशावर राहू नका. गवतात गोचीड पण असतात, त्यांच्यातून लाइम आजार होऊ शकतो, त्यामुळे लांब पँट मोज्यात खोचायची, रात्री अंग तपासायचं, आणि गोचीड काढायचं छोटं हूक फार्मसीत मिळतं ते जवळ ठेवायचं. फोटोत कसं दिसेल याचा विचार नंतर.

सुरुवात म्युझियमपासूनच करा. बरेच जण आधी बाहेर फिरतात आणि पाऊस आला की आत शिरतात, हे उलटं आहे. किलमार्टिन म्युझियम मोठं नूतनीकरण होऊन २०२३ च्या सप्टेंबरमध्ये परत उघडलं, याच खोऱ्यात सापडलेल्या वस्तू तिथे आहेत, त्या बघून बाहेर पडलं की समोरचा दगडांचा ढीग नुसता ढीग राहत नाही. तिकीट आणि वेळा साइटवर बघा, हिवाळ्यात काही काळ बंद असतं. टॉयलेट आणि कॅफे तिथेच आहे, पुढे शेतात यातलं काहीही नाही, लहान मुलं आणि आईबाबा सोबत असतील तर हे लक्षात ठेवाच. शेजारच्या चर्चच्या आवारात मध्ययुगातल्या कोरीव थडग्यांचे दगड आहेत, तलवारी, योद्धे, वेलबुट्टी, फार सुंदर काम, त्याला अर्धा तास द्या.

मग खाली खोऱ्यात. थडग्यांची एक रांगच आहे, गावापासून दक्षिणेकडे सपाट चालत जाता येतं, आईबाबांना पण जमेल. नेदर लार्गी साउथ हे त्यातलं सगळ्यात जुनं, ५००० वर्षांहून जुनं, वाकून आत जाता येतं, टॉर्च ठेवा. नेदर लार्गी नॉर्थमध्ये उघडं असेल तर आतल्या दगडावर कुऱ्हाडींचे आकार कोरलेले दिसतात. जवळच टेंपल वुडचं दगडी वर्तुळ. डनक्रेगेग नावाच्या थडग्यात छताच्या दगडाखाली हरणांची चित्रं सापडल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं, ४ ते ५ हजार वर्षं जुनी, स्कॉटलंडमध्ये माहीत असलेली सगळ्यात जुनी प्राण्यांची कोरीवकामं. ती तिथे नीट दिसतीलच असं नाही, थ्रीडी मॉडेल ऑनलाइन आहे ते आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर बघून ठेवा.

आख्नाब्रेकच्या कोरीव खडकांसाठी उजेडाचं गणित करावं लागतं. जंगल खात्याच्या पार्किंगपासून थोडा चढ आहे, वर मोठमोठ्या खडकांवर वाटीसारखे खळगे आणि त्यांच्याभोवती गोल गोल रेघा, भर दुपारी गेलात तर काहीच दिसत नाही आणि लोक चिडून परत येतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना जा, किंवा पाऊस पडून गेल्यावर. स्वतः पाणी ओतायचं नाही, खडूने रेघा गिरवायच्या नाहीत, वर चढायचं नाही. कोकणातली कातळशिल्पं बघितलेल्यांना हे सांगायला नको. नागपूरकरांसाठी अजून एक गंमत, नागपूरजवळ जुनापाणीची जी शिलावर्तुळं आहेत त्यांच्या दगडांवर पण असे खळगे आहेत, आणि एकोणिसाव्या शतकात तिथे खोदकाम करणाऱ्या रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची तुलना थेट स्कॉटलंडच्या खळग्यांशी केली होती. दोन्हींच्या काळात बरंच अंतर आहे, जुनापाणीची वर्तुळं लोहयुगातली, त्यामुळे त्यांचा एकमेकांशी संबंध जोडत बसू नका, पण जाण्याआधी जुनापाणी बघून घेतलंत तर आख्नाब्रेकला उभं राहिल्यावर डोकं जास्त चालेल हे नक्की.

डनॅड किल्ला गावापासून गाडीने दहा मिनिटं. आपल्याकडचे गड डोक्यात ठेवून जाल तर हसाल, जेमतेम पन्नासेक मीटरची टेकडी आहे, पण ही डाल रियाटा या जुन्या राज्याच्या, गेलिक भाषा बोलणाऱ्या राजांची जागा, आणि ७३६ साली शेजारच्या पिक्ट लोकांच्या राजाने हा किल्ला घेतल्याची नोंद आहे. वर खडकात एक पाऊल कोरलंय, राज्याभिषेकाला राजा त्यात पाय ठेवत असावा असं मानतात. आता वरती दिसतं ते खऱ्या खडकावर बसवलेलं प्रतिरूप आहे, मूळ दगड त्याखाली सुरक्षित आहे. चढ छोटा पण ओला दगड घसरडा, गुडघेदुखीवाल्यांनी खाली थांबलं तरी चालेल. शेताची फाटकं जशी असतील तशीच सोडायची, बंद असेल तर बंद. वसंतात मेंढ्यांची पिल्लं असतात, त्यांच्यामागे मुलांना पळू देऊ नका.

वेळ उरला तर गावाच्या उत्तरेला कारनासरी किल्ला. तो बांधणाऱ्या जॉन कार्सवेलनेच गेलिकमधलं पहिलं छापील पुस्तक काढलं, १५६७ मध्ये. डिसेंबरमध्ये चारच्या आधीच अंधार पडतो, तेव्हा सगळं एका दिवसात होणार नाही, जूनमध्ये मात्र रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे माझं मत विचाराल तर मेचा पहिला पंधरवडा बेस्ट, मिजेस अजून जोरात नसतात.

खाण्याचं सोबतच ठेवा, दशम्या, चिवडा, थर्मासमध्ये चहा, व्हेज खाणाऱ्यांना कॅफे बंद झाला की पर्याय कमी. कार्ड बहुतेक सगळीकडे चालतं. थोडी कॅश ठेवलीत तर लक्षात असू द्या की तिथे बँक ऑफ स्कॉटलंड वगैरेच्या वेगळ्या नोटा मिळतात, त्या इंग्लंडला परतायच्या आधी खर्च करा, लंडनचे काही दुकानदार त्या घ्यायला कुरकुर करतात. परतीच्या वाटेवर इन्व्हरेरीचा जुना तुरुंग आता म्युझियम आहे, मुलांना तो आवडतो, पण शेवटच्या प्रवेशाची वेळ बघून ठेवा. आणि ज्यांना दगडांचा कंटाळा आला असेल त्यांना १८०१ मध्ये उघडलेल्या क्रिनन कालव्यावर सोडा, नऊ मैलांत १५ लॉक्स (पाण्याची पातळी बदलणारे दरवाजांचे कप्पे) आहेत, बोटी वर-खाली कशा करतात ते बघत तास जातो, फक्त त्यांना परत घ्यायला कुठे यायचं हे आधीच ठरवून घ्या, कारण फोन लागेलच असं नाही.