मुलांना कॉमिक शिकवताय? आधी संवादाचा फुगा काढू देऊ नका

कॉमिकच्या तासाला पहिली चूक फळ्यावरच होते. आपण चेहरा कसा काढायचा ते दाखवतो, वर्ग मुकाट्याने उतरवून घेतो आणि 'मला चित्र येत नाही' म्हणणारा तिथेच गळतो. कॉमिकला देखणं चित्र लागत नाही. हा कोण आणि ह्याला झालंय काय, एवढं कळलं की झालं. १८२७ पासून चित्रकथा काढणारा जिनिव्हाचा रोडोल्फ टोप्फर पेशाने शाळामास्तरच होता, आणि त्याच्या रेषाही चांगल्या वाकड्यातिकड्या.

म्हणून बटाटा काढायला सांगा. दोन ठिपके डोळे, एक रेघ तोंड. आता फक्त भुवया बदला: चिडलेला बटाटा, घाबरलेला, पेंगणारा. मग त्याला एकच ठळक खूण द्या, दोन वेण्या किंवा मापापेक्षा मोठी चप्पल. 'दुसऱ्या चौकटीत तो वेगळाच दिसतो' ही तक्रार तिथेच मिटते.

सगळ्यात जास्त कागद फुकट जातात ते फुग्यापायी. पहिली दोन वर्षं मीही मुलांना आधी फुगा काढू द्यायचो. सहावीतल्या एका मुलीने असाच गोल गरगरीत फुगा काढला आणि त्यात लिहायला घेतलं, 'आजी, बस चुकली तर आपण कुठे झोपायचं?' 'आजी, बस' ऐसपैस बसलं, 'चुकली तर'पाशी अक्षरं मुंगीएवढी झाली आणि 'झोपायचं' फुग्याबाहेर पडून आजीच्या डोक्यावर चढलं. वाक्य इतकं छान, पण वाचता येईना. क्रम उलटा करा: आधी शब्द, मग त्यांच्याभोवती फुगा, मग बोलणाऱ्याकडे वळणारी शेपटी, शेवटी माणूस. इंग्रजी कॉमिकमध्ये अक्षरं बहुतेक वेळा कॅपिटल असतात, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटवता येतात. आपल्याकडे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा भांडतात. दोन ओळींमध्ये बोटभर जागा सोडायला लावा. आणि जो आधी बोलतो तो डावीकडे उभा. नाहीतर उत्तर आधी वाचलं जातं, प्रश्न मागाहून येतो.

'सर, काहीच सुचत नाही' असं ऐकू आलं तर विषय देऊ नका, शेवट द्या. चारपैकी चौथी चौकट तुम्हीच भरा: डबा उघडलाय, आत काहीच नाही. आधीच्या तीन चौकटी मुलं शोधून काढतात. उलट काहींच्या तिन्ही चौकटींत मुलगा नुसता धावतच असतो. तिथे कात्री काढा. चौकटी सुट्या करून जमिनीवर मांडा आणि एकेक उचलत जा. उचलूनही गोष्ट कळत असेल, तर ती चौकट नकोच होती. माझ्या वर्गात हा खेळ लिहिण्या-काढण्यापेक्षा जास्त रंगतो, आणि दोन चौकटींमधली रिकामी जागा वाचणारा भरतो, हे व्याख्यान न देता कळतं.

डोरेमॉन काढला म्हणून रागावू नका. त्याला शाळेच्या खिचडीच्या रांगेत उभा करा.

सगळ्यांना एकाच वेगाने हाकणं ही आणखी एक चूक. पाच मिनिटांत उरकणाऱ्याला शेजाऱ्याचं कॉमिक फुगे झाकून द्या. संवाद त्याने नवे लिहायचे. लिहिताना अडखळणाऱ्याला बिनशब्दांचं करू द्या, शि. द. फडणीसांची कितीतरी हास्यचित्रं एका शब्दाविना हसवतात. घरी गोरमाटी किंवा पावरी बोलणाऱ्या पोरांच्या आजीला फुग्यातही तेच बोलू द्या.

झेरॉक्सच्या दुकानातून फिकट प्रती हातात आल्या, तर दोष बहुधा मशीनचा नसतो. पेन्सिल धड उमटत नाही, काळ्या पेनाने गिरवूनच न्या आणि चारही कडांना एक सेंटीमीटर कोरं सोडा. ए-फोर कागदाची आठ पानी पुस्तिका करताना आडव्या कागदावर घड्या घालून आठ घरं पाडा, वर चार आणि खाली चार; काप फक्त मधल्या आडव्या घडीवर, तोही मधल्या दोन घरांपुरताच. कडेपर्यंत कात्री गेली की हातात दोन पट्ट्या उरतात, त्यामुळे घड्या आधी कोऱ्या कागदावर घालून बघायला लावा.