नवतपा लागण्याआधी गच्ची पांढरी करा

नवा एसी घ्यायचा विचार असेल, तर आधी एक करा. रात्री अकराला स्टुलावर चढून छताला आतून तळहात लावा. नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या घरात मी मे महिन्यात लावून पाहिला. पोळ्या होऊन बराच वेळ झालेला तवा असतो, तसं लागलं. सूर्य मावळून चार तास झाले होते आणि स्लॅब अजून आग ओकत होता. अशा खोलीतला एसी बिचारा रात्रभर स्लॅबच थंड करत बसतो.

नागपूर 21 अंश अक्षांशावर आहे. 26 मेच्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोही तेव्हाच. 23 मे 2013 ला आपल्याकडे पारा 47.9 वर गेला होता. त्या दिवसांत दुपारचं ऊन भिंतींपेक्षा गच्चीवर जास्त पडतं. म्हणून सुरुवात तिथूनच, गच्चीला चुना लावून.

आधीच्या ठेकेदाराने गळतीसाठी आमच्या गच्चीवर काळा डांबरी थर दिला होता. डांबरावर चुना धरत नाही, तो सगळा खरवडावा लागला. मग भेगा वॉटरप्रूफिंगचं केमिकल घातलेल्या सिमेंटने भरल्या. कळीचा चुना लोखंडी ड्रममध्ये रात्रभर भिजवा. पाणी पडताच तो खदखदतो, उडतो. हातमोजे आणि चष्मा हवाच, लेकरांना वर येऊ देऊ नका. सकाळी गाळून घ्या. दहा किलोमागे अर्धा किलो फेव्हिकॉल मी घातला. स्लॅब ओला करून संध्याकाळी पहिला हात मारा, दुसऱ्या दिवशी आडवा दुसरा. भर उन्हात लावला तर पापुद्रे सुटतात. पावसाने धुपतो, म्हणून दर एप्रिलला हे काम आहेच.

अर्धी गच्ची झाली होती, तेव्हा सासूबाई कुरड्या पालटायला अनवाणी वर गेल्या. जुन्या बाजूला पाय ठरेना. पांढऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, इथं पाय पोळत नाही न!" मला तेवढा पुरावा पुरला.

पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून नको, बाहेरून बांबूची चटई लावा. काचेतून ऊन आत आलं की पडदा त्याला फारसं परत पाठवू शकत नाही.

कुलरसमोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमट होतं. जुने पंखे 75 वॅटच्या आसपास खातात, बीएलडीसी मोटरचे नवे पंखे 30च्या आसपास. जो खोलीत रात्रभर चालतो तो आधी बदला. स्मार्ट प्लग एकच घ्या आणि आठवडाभर एकेका उपकरणाला लावून युनिट मोजा. आमच्याकडे जुना फ्रिज पकडला गेला. एसी लागलाच तर 24 वर ठेवा. एक अंश वाढवला की साधारण 6 टक्के वीज वाचते, असं बीईई, म्हणजे वीजबचतीचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था, सांगते.

सोलर सगळ्यात शेवटी, कारण गरज कमी झाली की पॅनलही कमी लागतात. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा आणि दिवसाला चारेक युनिट, असा हिशेब धरा. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. पॅनलचं तोंड दक्षिणेला ठेवा आणि धूळ पहाटेच धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो.